फुगे राहू द्या, ग्लास आणा!

आइसब्रेकर म्हटलं की काय आठवतं? फुगे, चिठ्ठ्या आणि 'स्वतःबद्दल एक मजेदार गोष्ट सांगा'! मास कॉमला असताना हे सगळं मी इतक्यांदा केलंय, की जामनेरचे एक ठिबक विक्रेते 'ताई, आमच्या ग्राहक मेळाव्याचं जरा बघा ना' म्हणाले आणि मी लगेच हो म्हटलं. जैन इरिगेशनच्या जळगाव जिल्ह्यात ठिबकचे युजर म्हणजे शेतकरी. मेळावा म्हणजे युजर कॉन्फरन्स. सोप्पंय!

मंगल कार्यालयात साठेक कपाशी-केळीवाले जमले. मी फुगे वाटले. एका काकांनी तो न फुगवताच खिशात टाकला. 'नातवाला होईल!' फुल्ल फ्लॉप.

खरी कॉन्फरन्स रंगली चहाला. 'शेवटच्या झाडाला पाणीच पोचत नाही,' यावर तावातावानं चर्चा! अमेरिकेत हॅरिसन ओवेन यांनी १९८५ मध्ये 'ओपन स्पेस' परिषद भरवली, तिथे विषय भाग घेणारेच ठरवतात. मग मीही वेळापत्रक गुंडाळलं आणि सगळ्यांना शेजारच्या शेतात नेलं.

सहा-सहा जणांचे गट, प्रत्येक गटाला मापाचा ग्लास. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरमधून ३ मिनिटांत २०० मिली पाणी पडायला हवं. नळीच्या सुरुवातीला भरलं १८०, शेवटी जेमतेम १००. कारण काय? पैजा लागल्या! फिल्टर उघडायची वेळ आली तेव्हा मात्र सगळे शेतमालक एकमेकांकडे बघायला लागले.

'सरका भाऊ, आमच्याकडे हे मीच करते,' म्हणत एक मावशी पुढे आल्या. जाळी घासली, नळ्यांची टोकं उघडून गाळ सोडला. पुन्हा मोजलं, तर शेवटचा ग्लास दीडशेच्या वर! टाळ्याच टाळ्या.

मी मात्र ओशाळले. निमंत्रणाची यादी मी बिलांवरून केली होती आणि बिलं सातबारावाल्यांच्या नावावर. रोज व्हॉल्व्ह फिरवणारे सालदार, जाळी धुणाऱ्या बाया त्यात नव्हत्याच. मावशी आल्या होत्या, कारण त्यांना जामनेरात दवाखान्याचं काम होतं!

पुढच्या निमंत्रणावर एक ओळ वाढवलीय: 'ठिबक जो चालवतो, त्याला सोबत आणा.'

तुमच्या ऑफिसची युजर मीट ठरतेय? मग आधी बघा, बोलावणं सॉफ्टवेअर घेणाऱ्या साहेबांना गेलंय, की दिवसभर त्यावर बोटं चालवणाऱ्या मुलीला? फुगे काय, नंतरही फुगवता येतात!