अक्षरांच्या घडणीतले करिअर

कला आणि डिझाइन शिकणाऱ्यांना प्रेरणेसाठी दूर जावे लागत नाही. देवनागरी लिपी हाताशी आहे आणि तिच्यात करण्यासारखे अजून पुष्कळ उरले आहे. बोरूचे, म्हणजे काडीच्या लेखणीचे, टोक तिरके कापलेले असल्याने हात वळेल तशी रेघ जाड-बारीक होते, आणि जुन्या पोथ्यांतील अक्षरांचा डौल बहुतांशी या कापातूनच येतो.

जाहिरात क्षेत्रात काम केलेले कवी र. कृ. जोशी यांनी हे हस्ताक्षराचे भान संगणकापर्यंत नेले आणि विंडोज प्रणालीसाठी ‘मंगल’ हा फाँट, म्हणजे एकाच घडणीच्या अक्षरांचा संच, रेखाटला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फाँट आज कोणालाही विनामूल्य वापरता येतात.

जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटसाठी शेकडो आकार रेखाटावे लागतात, वेलांटी आणि रफार प्रत्येक अक्षरावर नीट बसवावे लागतात. या कामाला चिकाटी लागते, आणि ती असलेल्या विद्यार्थ्याला फाँटनिर्मितीबरोबरच पुस्तकांची मुखपृष्ठे, चित्रपटांची शीर्षके आणि मोबाइल अ‍ॅपची मांडणी अशी कामे मिळू शकतात. पोर्टफोलिओत, म्हणजे निवडक कामांच्या संग्रहात, तयार चित्रांइतकीच कच्ची रेखाटनेही ठेवावीत, कारण विचार कसा घडत गेला हे त्यांतूनच कळते.