बुद्धधर्माचा पाठ शिकविताना

इतिहासाच्या तासाला बुद्धधर्माचा पाठ बहुधा एकाच साच्यात शिकविला जातो. राजपुत्र सिद्धार्थ, त्याला दिसलेले वृद्ध, रोगी व प्रेत, गृहत्याग, बोधिवृक्ष, सम्राट अशोक. आणि अखेरीस 'पुढे हा धर्म भारतातून लोप पावला' हे वाक्य. काही वर्षांपूर्वी हेच वाक्य आम्ही वर्गात उच्चारले, तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, आमच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदना होते. मग आमचा धर्म कोणता?" प्रश्नात उद्धटपणा मुळीच नव्हता. आम्ही तिचे समाधान केले खरे. परंतु आमचा पाठ नेमका कोठे चुकला, हे ध्यानी येण्यास बराच काळ जावा लागला. जो धर्म आजही कोट्यवधी माणसे आचरितात, तो आम्ही केवळ उत्खननात सापडलेल्या वस्तूसारखा शिकवीत होतो.

प्रथम तत्त्वांचा विचार करू. दुःख आहे, त्यास तृष्णा हे कारण आहे, दुःखाचा निरोध होऊ शकतो व त्या निरोधाचा मार्ग आहे, ही चार आर्यसत्ये विद्यार्थी तोंडपाठ म्हणतात. पण 'हा धर्म निराशावादी आहे' असे अनुमानही त्याबरोबरच काढतात. येथे वैद्याचा जुना दृष्टान्त उपयोगी पडतो. रोग ओळखणारा व त्याचे निदान करणारा वैद्य निराशावादी नसतो, कारण त्याच्यापाशी औषधही असते. ते औषध म्हणजे अष्टांगिक मार्ग. मात्र त्यातील शब्द ओळखीचे वाटतात, म्हणूनच ते फसवे आहेत. सम्यक व्यायाम म्हणजे दंडबैठका नव्हेत, तर अकुशल विचार टाळून कुशल विचार वाढविण्याचा प्रयत्न. सम्यक स्मृती म्हणजे पाठांतर नव्हे, तर देहमनाच्या व्यापारांविषयीची जागरूकता. 'समाधी' म्हटले की आपल्या मुलांस आळंदी आठवते. येथे तिचा अर्थ चित्ताची एकाग्रता एवढाच आहे. 'पंचशील' हा शब्द तर १९५४ च्या भारत-चीन करारामुळे राजनीतीतही गेला. भाषाशिक्षकाने इतिहासशिक्षकाच्या मदतीस धावून यावे, असे हे स्थळ आहे.

पंचशीलाविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य व मद्यपान यांपासून दूर राहण्याची ही पाच शीले 'करू नकोस' अशा आज्ञेच्या रूपात नाहीत. पालीतील 'समादियामि' हे क्रियापद प्रथमपुरुषी असून 'मी हे शिक्षापद ग्रहण करतो' असा त्याचा भाव आहे. आज्ञा देणारा ईश्वर तेथे नाही. संकल्प करणारा मनुष्य आहे. सृष्टिकर्ता न मानणारा आणि नित्य, अविकारी आत्माही न मानणारा धर्म नीतीचा इतका आग्रह कसा धरतो, हे या एका क्रियापदावरून चौदा वर्षांच्या मुलासही उमजते.

शाखांचा भाग नावांच्या यादीने शिकवू नये. शक्य असेल तर सहल काढावी. नपेक्षा चित्रे दाखवावीत. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील अजिंठा व वेरूळ ही स्थळे त्यासाठी पुरेशी आहेत. अजिंठ्याच्या नवव्या व दहाव्या क्रमांकाच्या प्राचीन चैत्यगृहांत पूजास्थानी केवळ स्तूप आहे. त्यावर बुद्धमूर्ती नाही. काही शतकांनंतरच्या सव्विसाव्या लेण्यात स्तूपावरच बुद्ध विराजमान झालेला दिसतो, तर पहिल्या लेण्यात करुणामय बोधिसत्त्व पद्मपाणी भिंतीवर चितारलेला आहे. वेरूळच्या 'तीन ताल' लेण्यात अष्ट बोधिसत्त्वांची मंडले कोरलेली असून तेथे वज्रयानाची चाहूल लागते. हे पाहिल्यावर नकाशा उघडावा. पाली त्रिपिटक प्रमाण मानणारा थेरवाद श्रीलंका, म्यानमार, थायलंड, कंबोडिया व लाओस येथे. सर्व जीवांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या बोधिसत्त्वाचा आदर्श पुढे ठेवणारे महायान चीन, कोरिया, जपान व व्हिएतनाम येथे. वज्रयान तिबेट, भूतान, मंगोलिया व आपल्या लडाखात. 'हीनयान' हे नाव प्रतिपक्षाने दिलेले व हीनत्वदर्शक असल्याने थेरवादास ते लावू नये. आचारांतील भेदही सांगावेत. थेरवादी देशांत बुद्धाचा जन्म, बोधी व परिनिर्वाण ही तिन्ही वैशाखी पौर्णिमेस स्मरली जातात; जपानात जन्मोत्सव ८ एप्रिलला होतो. वर्षावासात भिक्षूंनी एका जागी राहण्याचा नियम मात्र बुद्धकाळापासूनचा आहे.

येथवर आल्यावर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर पाठाच्या अंगभूत ओघातच येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. २०११ च्या जनगणनेत भारतातील बौद्धांची संख्या सुमारे ८४ लाख भरली; पैकी ६५ लाखांवर महाराष्ट्रात होते. या परंपरेस नवयान म्हणतात. तिची काही मते पाठ्यपुस्तकाहून निराळी आहेत. सिद्धार्थाने वृद्ध, रोगी व प्रेत पाहून घर सोडले, हे बाबासाहेबांस मान्य नव्हते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या त्यांच्या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेला कलह हे गृहत्यागाचे कारण म्हणून आले आहे. तसेच बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार ही वैष्णवांची श्रद्धा होय. नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत ती स्पष्टपणे नाकारलेली आहे. शिक्षकाने या मतभेदांचा निवाडा करू नये. कोणते मत कोणाचे, हे मात्र अचूक सांगावे. अन्यथा मुलाने घरी ऐकलेले ते खोटे आणि शाळेत ऐकलेले ते खरे, असा अन्याय नकळत घडतो.

या विषयाची मराठीतील वाट आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळींच्या अंगणातून गेलेली आहे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी यांनी मुलांच्या एका मराठी मासिकात बुद्धचरित्र वाचले आणि त्या ओढीने ते पुणे, काशी, नेपाळ असे करीत सिंहलद्वीपास पोहोचले. तेथे पाली शिकले, भिक्षू झाले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांस वेतन देऊन मराठीत लिहिण्यास उद्युक्त केले. तत्पूर्वी, १८९८ साली, कृष्णराव अर्जुन केळूसकर यांचे बुद्धचरित्र प्रसिद्ध झाले होते. तेच पुस्तक त्यांनी मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या तरुण भीमराव आंबेडकरांच्या हाती दिले.

मुलांसाठी लिहिलेल्या चार पानांचे सामर्थ्य किती, हे सांगण्यास याहून निराळा दाखला नको. आमचा पाठही तेवढ्याच पानांचा असतो. तो कोणास बौद्ध करण्यासाठी नाही, की कोणास त्यापासून दूर ठेवण्यासाठीही नाही. परंतु तो संपल्यावर मागच्या बाकावरील मुलीस 'हे माझ्या घरचे आहे' असे म्हणता यावे, आणि शेजारच्या मुलास 'हे मला ठाऊक नव्हते' असे वाटावे. आम्ही आता त्या पाठाचा शेवट 'लोप पावला' या शब्दांनी करीत नाही.