रुग्णनिरीक्षक यंत्रांची कसोटी

नवे औषध प्रचारात येण्यापूर्वी त्याची रुग्णांवर चाचणी घ्यावी लागते, हे सर्वपरिचित आहे. परंतु रुग्णाची नाडी, रक्तदाब वा श्वसन यांवर नजर ठेवणाऱ्या यंत्राचीही तशीच परीक्षा घ्यावी लागते, हे सहसा ध्यानात येत नाही. यंत्र केवळ आकडा दाखविते; त्यापासून अपाय तो कसला होणार? या शंकेचे उत्तर पल्स ऑक्सिमीटरच्या इतिहासात सापडते. करोनाच्या साथीत, २०२० व २०२१ साली, बोटाला लावावयाचे हे चिमट्यासारखे यंत्र भारतातील असंख्य घरांत पोहोचले.

रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. प्राणवायूने युक्त असलेले हीमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी व अवरक्त प्रकाश अधिक शोषते. प्राणवायू नसलेल्याची गोष्ट याच्या उलट असते. यंत्र बोटातून हे दोन्ही प्रकाश आरपार पाठविते. त्वचा, मांस व हाडेही प्रकाश शोषतात. परंतु नाडीच्या ठोक्यागणिक कमी-अधिक होणारा अंश धमन्यांतील रक्तामुळेच असतो. तेवढाच अंश वेगळा काढण्याची युक्ती जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडली.

अशा यंत्राच्या परीक्षेत पहिला प्रश्न असा, की त्याने दाखविलेला आकडा खरा आहे काय? त्यासाठी निरोगी स्वयंसेवकांना, त्यांच्या संमतीने व वैद्यकीय देखरेखीखाली, कमी प्राणवायूची हवा श्वासावाटे देतात आणि धमनीतील रक्त तपासून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहतात. येथे स्वयंसेवकांची निवड महत्त्वाची ठरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ साली किमान १० व्यक्तींची अपेक्षा ठेवली होती. त्यांत गडद वर्णाच्या किमान दोन व्यक्ती वा १५ टक्के, यांपैकी जी संख्या अधिक असेल ती, पुरेशी मानली होती. पुढे २०२० साली अमेरिकेतील एक पाहणी प्रसिद्ध झाली. यंत्राने ९२ ते ९६ टक्के हा आकडा दाखविला असता धमनीतील खरे प्रमाण ८८ टक्क्यांहून कमी असल्याचे कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के मापनांत आढळले. गौरवर्णीयांत हे प्रमाण ३.६ टक्के होते. ज्याला प्राणवायू द्यावयास हवा, त्याला तो न मिळण्याचा धोका येथे आहे. भारतासारख्या विविध वर्णांच्या देशाने ही गोष्ट विसरून चालणार नाही.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे: आकडा कळल्याने रुग्णाचे हित होते काय? डेन्मार्कमध्ये शस्त्रक्रियेच्या २०,८०२ रुग्णांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी करून एकाच गटाला हे यंत्र लावण्यात आले. या चाचणीचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. यंत्र लावलेल्या गटात प्राणवायूची न्यूनता कितीतरी अधिक वेळा उघडकीस आली आणि हृदयाला रक्त कमी पडण्याचे प्रकारही कमी घडले. तथापि शस्त्रक्रियेनंतरची एकंदर गुंतागुंत व मृत्यू यांत दोन्ही गटांत उल्लेखनीय अंतर दिसले नाही. यावरून यंत्र निरुपयोगी ठरत नाही. आजही शस्त्रक्रियागृहात ते आवश्यक मानले जाते. दोष लवकर दिसणे आणि रुग्ण वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढेच यातून सिद्ध होते.

आकड्यावरून योग्य कृती घडली, तर मात्र लाभ दिसतो. हृदय दुर्बल झालेल्या ५५० अमेरिकन रुग्णांच्या फुप्फुसधमनीत दाब मोजणारे सूक्ष्म यंत्र बसविण्यात आले. यंत्र सर्वांनाच होते. परंतु त्याचे आकडे एकाच गटाच्या डॉक्टरांना कळविले जात व ते त्यानुसार औषधे बदलीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, या गटात हृदयविकारामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सहा महिन्यांत चतुर्थांशाहून अधिक घटलेले आढळले.

तेव्हा कोणतेही नवे निरीक्षक यंत्र पुढे आले, की त्याची परीक्षा कोणत्या लोकांवर झाली आणि त्याच्या आकड्याने कोणाचे काय हित साधले, हे विचारावे. भारतात रुग्णांवरील चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ साली सुरू झाली असून ती कोणाही नागरिकाला विनामूल्य पाहता येते.