बिंदूंपासून रेषेपर्यंत : हस्तलिखितातील अक्षराचे व्हेक्टर रूपांतर

प्रास्ताविक

हस्तलिखितांचा अभ्यास आज अनेकदा त्यांच्या संगणकीय प्रतिमांवरून केला जातो. खानदेशात धुळे हे या अभ्यासाचे जुने केंद्र आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यात निधन झाले आणि १९२७ मध्ये तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते याच शहरातील समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. अशा हस्तलिखितातील अक्षर मुखपृष्ठावर, फलकावर किंवा फॉन्टमध्ये आणायचे असेल, तर त्याच्या रास्टर प्रतिमेचे व्हेक्टर चित्र करावे लागते. हे रूपांतर कसे होते आणि त्यात मजकुराला कोठे धोका संभवतो, हे आपण या घटकात पाहू.

प्रतिमेचे दोन प्रकार

स्कॅनर किंवा कॅमेरा कागदाचे बारीक चौकोनांत विभाजन करून प्रत्येक चौकोनाचा रंग नोंदवतो. हे चौकोन म्हणजे पिक्सेल आणि त्यांची बनलेली प्रतिमा म्हणजे रास्टर. समजा, जळगावच्या एका महाविद्यालयाने २ इंच रुंदीचे हस्तलिखित शीर्षक इंचाला ३०० पिक्सेल या प्रमाणात स्कॅन केले. त्यात आडवे ६०० पिक्सेल मिळतील. तेच शीर्षक १० फुटी फलकावर छापले, तर एकेक पिक्सेल सुमारे ५ मिलिमीटरचा होईल आणि अक्षरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतील.

व्हेक्टर चित्रात पिक्सेल नसतात. अक्षराची कड गणिती वक्ररेषांनी सांगितलेली असते. यासाठी प्रामुख्याने बेझिए वक्र वापरतात. त्याच्या प्रचलित प्रकारात दोन टोके आणि वळण ठरवणारे दोन बिंदू, असे चार बिंदू पुरतात. चित्र मोठे करताना संगणक वक्र नव्याने काढतो. म्हणून कडा सुबक राहतात.

रूपांतराची प्रक्रिया

कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर, इंकस्केप इत्यादी प्रणालींत या क्रियेला ‘ट्रेस करणे’ म्हणतात. काळ्या अक्षरांसाठी तिचे टप्पे साधारणपणे असे असतात. प्रथम करड्या छटांमध्ये एक मर्यादा ठरवली जाते : तिच्यापेक्षा गडद ते अक्षर, फिकट तो कागद. नंतर अगदी लहान ठिपके ‘मळ’ समजून वगळले जातात. शेवटी उरलेल्या आकारांच्या कडांवर वक्ररेषा बसवल्या जातात आणि अनावश्यक बिंदू कमी करून त्या गुळगुळीत केल्या जातात.

हे तिन्ही निर्णय वरवर तांत्रिक वाटतात. पण जुन्या मराठी लेखनात त्यांचा परिणाम थेट अर्थावर होतो. छटेची मर्यादा सैल ठेवली, तर मागील पानावरून उमटलेली शाई अक्षराचा भाग बनते. ती कडक केली, तर बारीक रेघ तुटते. ‘ब’ मधील तिरकी रेघ गेली की ‘व’ उरतो. ठिपके वगळताना अनुस्वारही वगळला जाऊ शकतो. मग ‘वंश’चा ‘वश’ होतो आणि ‘मंद’चा ‘मद’. संगणकाला यात चूक दिसत नाही, कारण त्याच्या लेखी अनुस्वार आणि शाईचा शिंतोडा हे दोन्ही केवळ ठिपकेच होत.

मोडी लेखनात अडचण वेगळी आहे. लेखनिक आधी ओळभर शिरोरेषा ओढत असे आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत असे. त्यामुळे ट्रेस केल्यावर सगळी ओळ एकच आकार म्हणून हाती येऊ शकते. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. परंतु हस्तलिखितातील एक अक्षर कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, हे मोडी वाचणाऱ्या माणसालाच ठरवावे लागते.

पुरावा आणि वाचन

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासात समर्थांनी लेखनक्रियेचे निरूपण केले आहे. ग्रंथाचे पहिले आणि शेवटचे अक्षर एकाच लेखणीचे वाटावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात मात्र उत्तम लेखनिकाच्या हातातही सूक्ष्म फरक राहतात आणि हस्ताक्षर ओळखताना अभ्यासकाला तेच उपयोगी पडतात. कडा गुळगुळीत करताना हे फरक पुसले जातात. फलकासाठी तो गुण आहे. संशोधनासाठी ती हानी आहे.

म्हणून रास्टर प्रतिमा हा पुरावा आणि व्हेक्टर चित्र हे त्या पुराव्याचे वाचन, असा भेद लक्षात ठेवावा. संपादक पाठ निश्चित करताना पाठभेद नोंदवतो, त्याचप्रमाणे ट्रेस करणाऱ्याने मूळ स्कॅन न बदलता जतन करावे, निवडलेली मूल्ये लिहून ठेवावीत आणि तयार चित्र मूळ प्रतिमेवर ठेवून अक्षरागणिक पडताळावे. अनुस्वार, रफार आणि वेलांट्या यांची तपासणी शेवटी स्वतंत्रपणे करावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. रास्टर प्रतिमा मोठी केल्यावर अक्षरांच्या कडा का बिघडतात?
२. ट्रेस करताना अनुस्वार नाहीसा होण्याचे कारण सोदाहरण स्पष्ट करा.
३. आपल्या घरातील एखादे जुने पत्र स्कॅन करून त्यातील एक ओळ ट्रेस करा आणि मूळ ओळीशी ताडून आढळलेले फरक नोंदवा.