जुन्या पोलाच्या पोटातला ताण

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि विजेचे हजारो खांब आडवे झाले. जुना सिमेंटचा पोल कोकणात सहसा वाया जात नाही. कुंपणाला, गोठ्याला, ओहोळावरच्या साकवाला उपयोगी पडतो. वीज कंपनीकडून रीतसर घेतलेला पोल असा वापरणे चांगलेच. पण एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी असलेल्या मुंबईतल्या गोराईसारख्या ठिकाणी तो तुळई म्हणून डोक्यावर चढवण्याआधी त्याच्या पोटात काय आहे, हे माहीत हवे.

पोल बनवताना साच्यात पोलादी तारा जोराने ताणतात, भोवती काँक्रीट ओततात आणि ते घट्ट झाल्यावर तारा सोडतात. आखडू पाहणाऱ्या तारा काँक्रीटला कायम दाबून धरतात. म्हणून वाऱ्याने वाकला तरी पोल सहजी तडकत नाही. ग्राइंडरने तो कापला की कापल्या टोकाशी हा दाब नाहीसा होतो. तो पुन्हा पूर्ण मिळायला तारेच्या व्यासाच्या साधारण 100 पट लांबी लागते, म्हणजे 4 मिलिमीटरच्या तारेला सुमारे 40 सेंटिमीटर. आखूड तुकड्याचा भरवसा त्यामुळेच कमी.

खरा धोका न दिसणाऱ्या तड्यांचा आहे. पडताना तडकलेल्या पोलाचे तडे भार हटताच तारांच्या ओढीने मिटतात आणि तो धडधाकट दिसतो. पृष्ठभाग पाण्याने भिजवून वाळू द्यावा. वाळताना तडे काळ्या रेषांसारखे उमटतात. अशा तड्यांतून खाऱ्या हवेतले क्लोराइड तारेपर्यंत पोचते. 4 मिलिमीटरची तार गंजून 3 मिलिमीटर उरली, तर तिचा जवळजवळ 44 टक्के छेद गेला, आणि ताणलेली तार पूर्वसूचना न देता तुटते. तांबूस ओघळ दिसलेला पोल कुंपणालाही नको. धडका पोल उभा खांब म्हणून खुशाल वापरा. माणसांच्या डोक्यावर आडवा टाकायचा, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून भारचाचणी झालीच पाहिजे. तेव्हाही आयताकृती पोलाची जास्त जाडीची बाजू उभी राहील असा ठेवावा, कारण वाऱ्याशी झुंजायला ताकद त्याच दिशेने दिलेली असते.

लाकडी खांबाची गोष्ट निराळी. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोन्ती कामेसन यांनी 1933 मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे लाकूड टिकवणारे मिश्रण शोधले. तांबे बुरशीला रोखते, आर्सेनिक वाळवीला, आणि क्रोमियम दोघांना लाकडात जखडते. जगभर खांब त्याने टिकले. मात्र असे लाकूड रंधताना तोंडाला मास्क हवा, आणि त्याच्या ढलप्या चुलीत किंवा होळीत कधीच घालू नयेत: आर्सेनिक धुरात जाते, उरलेले राखेत राहते.