लाल खटका

जुन्या डेस्कटॉप संगणकाच्या पाठीमागे, पंख्याच्या जाळीशेजारी, पेराएवढा लाल खटका असायचा. एकीकडे ११५, दुसरीकडे २३०. बहुतेक घरांत त्याला कुणी कधी हात लावला नाही. एखाद्या चौकस पोराने स्क्रूड्रायव्हरचं टोक खुपसून तो ११५ वर सरकवलाच, तर ‘फाट्’ असा आवाज आणि मागोमाग जळका वास.

भारतात घरगुती वीज २३० व्होल्टची, अमेरिकेत १२०ची, जपानात १००ची. १९७७च्या ‘ॲपल टू’साठी रॉड होल्ट यांनी जड ट्रान्सफॉर्मरऐवजी हलका एसएमपीएस (स्विच्ड मोड पॉवर सप्लाय) रचला, आणि पुढे संगणकांत हीच जात रुळली. पण वेगवेगळ्या देशांच्या विजेचं काय करायचं? बऱ्याच एसएमपीएसमध्ये उत्तर होतं हा खटका.

त्याची करामत एका तारेची. २३० व्होल्टच्या लहरीचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं. डायोड तिची डीसी करतात आणि एकापाठोपाठ जोडलेले दोन कपॅसिटर ती निम्मी निम्मी वाटून घेतात. खटका ११५ वर नेला की मेन्सची एक तार त्या दोघांच्या मधल्या सांध्याला जोडली जाते. मग लहरीचा वरचा अर्धा भाग एकाला भरतो, खालचा दुसऱ्याला. प्रत्येकी सुमारे १६२, बेरीज पुन्हा ३२५. पुढच्या सर्किटला देश बदलल्याचं कळतही नाही.

मात्र ११५ वर ठेवून २३० दिले, की प्रत्येक कपॅसिटरवर ३२५ चढू पाहतात. तो असतो बहुधा २०० व्होल्टचा. उलट चूक झाली तर संगणक नुसता सुरू होत नाही.

मोबाइलच्या चार्जरला असा खटका नाही. आतला ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो. बाहेर पडणारं व्होल्टेज सतत मोजलं जातं आणि बऱ्याच चार्जरांत ऑप्टोकपलरमधला इवलासा प्रकाश ती खबर मेन्सच्या बाजूला पोचवतो. दोन्ही बाजू तारेने जोडायला नकोत म्हणून. आत येणारं व्होल्टेज वाढलं, की ट्रान्झिस्टर तेवढा कमी वेळ चालू राहतो. ‘१००–२४०’ या छापामागे एवढी धावपळ असते.

संगणकातला खटका गेला तो आणखी एका कारणाने. कपॅसिटर लहरीच्या शिखरावरच वीज ओढतात, त्याने वाहिनीतली लहर बिघडते. युरोपात २००१ पासून यावर बंधन आलं. ते पाळणारं ‘ॲक्टिव्ह पीएफसी’ सर्किट कोणत्याही देशाची वीज आधी ४०० व्होल्टच्या आसपास उचलून घेतं.

तरी ही सोशिकता साधारण २६४ व्होल्टपर्यंतच. आपल्याकडे खांबावरची न्यूट्रल तुटली, तर एखाद्या घरात ४०० पर्यंतही येऊ शकतात; मग जादा व्होल्टेज झेलणारा व्हॅरिस्टर काळा पडतो आणि फ्यूज उडतो. अमेरिकेहून बॅगेत आलेल्या हेअर ड्रायरची तऱ्हा वेगळी. लॅपटॉपचा अडॅप्टर पुण्यात बदलपिन लावून निमूट चालतो, म्हणून ड्रायरलाही तीच लावली जाते. पिन फक्त पाय बदलते. ड्रायरच्या तारेवर जवळपास दुप्पट व्होल्टेज येतं, उष्णता होते जवळपास चौपट.