झणझणीत रस्सा आणि थंडगार बिअर

बेंगळुरूला नोकरी करणारी मुलं सुट्टीला घरी आली की बिअरचा विषय आता बऱ्याच घरांत निघतो. घ्यायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण कशाबरोबर घ्यावी, हे माहीत असलेलं बरं.

तिखट मटणाला थंड बिअर उतारा, असा सर्रास समज आहे. गारव्यानं क्षणभर बरं वाटतं, पण बुडबुडे आणि हॉप्सचा कडवटपणा चुरचुर वाढवतात. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. बिअरमधलं साधारण ५ टक्के अल्कोहोलही त्याला पुरत नाही. आग शमत नाही, ग्लास मात्र भरत राहतो!

म्हणून तिखटाबरोबर कमी कडवट, गव्हाची बिअर निवडावी. तळलेल्या मासळीला हलकी लागर चालते. तिचे बुडबुडे तेलकटपणा कमी करतात. भाजलेल्या बार्लीची काळी स्टाऊट मात्र आपल्या बेळगावी कुंद्याशी जुळते. दोन्हींत खरपूसपणा असतो.

एण्णेगायी आणि जोळद रोट्टीला खरी जोड ताकाचीच, म्हणजे मज्जिगेची. दुधातलं केसीन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून दूर नेतं. तेव्हा बिअर असो वा नसो, ताकाचा तांब्या पानाशेजारी हवाच. आणि गाडी चालवणाऱ्यानं फक्त तोच घ्यावा.